लाविनचा डावा पंख

"मॅक्सी नेनाबाईची," लोलो पोन्सो म्हणाला. "ती जांभळ्या फुलांची. आणि डोक्यावर टोपली."

"टोपलीत अंडी," मी म्हणालो.

"अंडी माझ्या दुकानातली मिळायची नाहीत," नेनाबाई काउंटरच्या जाळीमागून ओरडली. "आणि मॅक्सी कोण धुऊन देणार?"

"हरेल तो धुणार. इस्त्री करून देणार."

लोलो एकेक बोट दुमडत अटी घालत होता. "रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दारापासून मासळीबाजारापर्यंत जायचं. सगळी वाट कोंबडीसारखं ओरडत."

"पंख फडफडवायचे?"

"ते तर आलंच."

"लोलो, बहात्तर वर्षांचे आहात तुम्ही. दम लागेल."

"मला कशाला लागेल? फडफडणार तू आहेस, पांचितो."

बाकावर बसलेल्या बोयेतच्या नाकातून सरबत बाहेर आलं. बोयेत म्हणजे नेनाबाईचा मुलगा, हवाई दलात कॅप्टन. पैज त्याच्यावरच होती म्हणा ना. आम्ही एक लाकडी विमान बांधत होतो आणि ते बोयेत उडवणार होता. मी म्हणत होतो, पंधरा डिसेंबरला सगळ्यांच्या देखत ते उडणार. लोलो म्हणत होता, नाही उडणार. ऑगस्ट महिना होता, सत्त्याऐंशी साल, आणि मी मनिलात होतो.

मी मनिलात कसा, ते सांगतो. मी सुधाकर पांचाळ, कोल्हापूरच्या उद्यमनगरातला पॅटर्नवाला. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो लाकडात कोरून द्यायचा, हा आमचा धंदा. जहाज दुरुस्तीच्या एका गोदीनं दोन वर्षांसाठी तिकडं नेलं. गोदीचं काम संपलं, आणि तेवढ्यात कळलं की हवाई दलाच्या तळाच्या भिंतीपलीकडं एका शेडमध्ये लाकडाचं विमान बनतंय, चांगला हात पाहिजे. मी गेलो. पांचाळ त्यांच्या जिभेला वळेना, म्हणून पांचितो झालो. शेडमधले अडतीस जण आमच्याच गल्लीतले होते. गल्लीच्या तोंडाशी नेनाबाईचं दुकान. तिला तिकडं दुसरं काही म्हणतात, मी मात्र नेनाबाईच म्हणायचो, आणि तिला ते आवडायचं.

खोड्या करायच्या हा माझा लहानपणापासूनचा रोग. दुकानाच्या पायरीवर मी नाणं असं चिकटवलं होतं की पाद्रीबाबांनी ते उचलायला तीनदा वाकून बघितलं. बोयेतला तर मी हवाई दलाच्या कागदावर टाइप करून पत्र पाठवलं होतं, की तुमच्या मिशा नियमापेक्षा दोन मिलिमीटर जास्त आहेत. गड्यानं मिशीच उडवली. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, नवव्या दिवशी स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला. माझं नाव असं झालं होतं की मी "पाऊस आला" म्हटलं तरी लोक आधी आभाळाकडं बघायचे.

विमानाचं नाव लाविन. त्यांच्या भाषेत लाविन म्हणजे ससाणा. दोन माणसं बसतील एवढं, शिकाऊ वैमानिकांसाठी. ॲल्युमिनियम बाहेरून आणावं लागतं, विमान बाहेरून आणावं लागतं, मोडलं तर खिळासुद्धा बाहेरून. लाकूड मात्र तिथं ढीग. मग आपलंच बनवू, या हट्टानं ते काम निघालं होतं. हा हट्ट मला फार आवडला होता. शेडमध्ये लाकूड तासताना माणसं गाणी म्हणायची. म्हातारे गडी सांगायचे, माझा नातू विचारेल तेव्हा सांगेन, ह्याची डाव्या बाजूची तिसरी फासळी माझी.

आणि लोलो पोन्सो. लोलो म्हणजे आजोबा, सगळ्या गल्लीचा. एकेचाळीस साली तो त्यांच्या हवाई दलात पंखाचं कापड शिवायचा. तेव्हा अमेरिकेनं वापरून टाकलेली विमानं होती त्यांच्याकडं, बसायची जागा उघडी, वारा सरळ तोंडावर. त्यात बसून तिथली पोरं जपान्यांवर गेली. काही दिवसांत खेळ संपला. उरलेली विमानं शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून जाळायचा हुकूम आला, नाताळच्या आदल्या दिवशी. काडी लावणाऱ्यांत लोलो होता. हे तो सांगायचा तेव्हा कोंबड्याची मान खाजवत सांगायचा, आपल्याकडं न बघता.

सरसाची रीतही त्यानंच मला शिकवली. लाकडी विमानात खिळे नसतातच म्हटलं तरी चालेल, सगळं सरसावर. आमचा सरस दोन डब्यांचा. एकात राळ, दुसऱ्यात ती कडक करणारं औषध. सकाळी दोन्ही कालवले की त्याच कालवणातून दोन छोट्या पट्ट्या चिकटवायच्या, पेन्सिलीनं तारीख घालायची आणि खुंटीला टांगायच्या. त्याला कुपन म्हणायचे. दुसऱ्या दिवशी कुपन शिकंज्यात धरून तोडायचं.

"लाकूड फाटलं पाहिजे," लोलो सांगायचा. "चिकटवलेली जागा शाबूत आणि शेजारचं लाकूड फाटलेलं, म्हणजे सरस चांगला. पण चिकटवलेली जागाच साफ सुटली, तर काल जे जे चिकटवलं ते सगळं उखडायचं. रडत उखडायचं, पण उखडायचं. आमच्या वेळी कुपन न तोडता कुणी पुढं गेला तर त्याला मैदानावर उभं करायचे."

सप्टेंबर-ऑक्टोबरात वादळं आली. शेडचं छप्पर गळायला लागलं. नव्या सरसाचं जहाज लांबलं. प्रकल्पाचे साहेब होते कर्नल आब्रेनिका. निवृत्त माणूस, पांढरे बूट, अंगाला कायम अत्तर. ते म्हणाले, "जुन्या डब्यांवर चालू द्या. पंख महिनाअखेर पुरे झाले पाहिजेत." पंखांची टोळी वेगळी होती, मी पुढच्या नाकाडावर होतो. टोळीनं विचारलं, कुपनं? कर्नल म्हणाले, "कुपनं मग बघू. आता वेळ नाही."

नोव्हेंबरात हवाई दलाकडून निरोप आला, की तपासणीवाले येणार, पंखांची चाळीस दिवसांची कुपनं बघणार. खुंटी तर रिकामी.

कर्नलनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नव्या सरसाचा कोरा डबा होता, कालच जहाजातून उतरलेला.

"पांचितो, तुझा हात कलाकाराचा आहे."

"असं लोक म्हणतात, सर."

"चाळीस कुपनं पाहिजेत. कागदाचं काम आहे, दुसरं काही नाही. पंख उत्तमच आहेत. पण तपासणीवाले तुला माहीत आहेत, एक चिठ्ठी नसली तरी सहा महिने लांबवतात. पंधरा डिसेंबर गेली तर..."

"तर मला मॅक्सी घालावी लागेल, सर."

ते खदाखदा हसले. पैज सगळ्यांना माहीत होती.

मी ती चाळीस कुपनं एका दुपारी केली. गाणं म्हणत केली. तारखांसाठी पाच वेगवेगळ्या पेन्सिली वापरल्या. जुनी दिसावीत म्हणून काहींना चहाचं पाणी लावलं, दोनांवर मुद्दाम अंगठ्याचा डाग पाडला. तपासणीवाल्यांना गंडवायचं, एवढंच डोक्यात. इतकी सुंदर खोडी मी जन्मात केली नव्हती. कुपनांच्या तक्त्याखाली "तपासणारा" म्हणून सही पाहिजे होती. ती पण मीच ठोकली. तपासणीवाल्यांनी त्यातली दहा तोडून बघितली. दहाच्या दहा ठिकाणी लाकूड फाटलं. फाटणारच, सरस ताजा होता. त्यांनी माझ्याशी हात मिळवला.

दहा डिसेंबरला मला नवी खोडी सुचली. लोलोला चिडवायला एक छोटं खेळण्यातलं विमान करायचं आणि त्याच्या कोंबड्याच्या पाठीवर बांधायचं. शेडमागच्या भंगारात गेलो. तारा ओवायला डाव्या पंखात भोक पाडलं होतं, त्याचा कापून काढलेला तुकडा तिथं पडला होता. वरचा पत्ता, म्हणजे पंखावर मढवलेली पातळ फळी, आणि खालची फासळी, एकमेकांना चिकटवलेली. हाताएवढा. म्हटलं, खऱ्या पंखाचा तुकडा, आणखी मजा.

पटाशी घ्यायला वाकलो, तोवर अंगठ्याचं नख मध्ये गेलं. आणि पत्ता सुटला.

केळीचं साल निघतं तसा निघाला. आवाजसुद्धा आला नाही. दोन्ही तोंडं काचेसारखी गुळगुळीत, लाकडाचा एक तंतू चिकटलेला नाही. मी तो तुकडा हातात धरून तिथंच भंगारात बसलो. वीस वर्षं झाली, अजून कुठं तो सरसाचा वास आला की माझ्या कानशिलात ठोके पडतात.

तसाच कर्नलच्या केबिनमध्ये घुसलो. दोन्ही फळ्या टेबलावर आपटल्या.

"हा डावा पंख आहे, सर. नखानं सुटला."

त्यांनी तुकड्याकडं बघितलं. मग दाराकडं. मग उठून दार लावलं. तेवढ्यात मला कळलं की ह्या माणसाला आधीपासून माहीत आहे.

"एखादा तुकडा खराब निघतो," ते म्हणाले.

"पंख उखडून बघू. दोन दिवसांचं काम."

"पाहुण्यांना पत्रं गेली आहेत. जनरल येताहेत. पुढची वीस विमानं ह्या एका दुपारवर आहेत, पांचितो. वीस! तुझ्या गल्लीला दहा वर्षं काम मिळेल. फक्त दोन फेऱ्या मारायच्या आहेत, सरळ, हळू. मग आपण सावकाश पंख बदलू."

"आणि दोन फेऱ्यांत पंख सुटला तर?"

"तू शुभ बोल."

"त्यात बोयेत बसणार आहे! पलीकडच्या दुकानातला बोयेत! त्याच्या आईच्या हातचं तुम्ही पण खाल्लंय!"

"आवाज खाली." त्यांनी कपाट उघडलं, फाईल काढली, माझ्यापुढं ठेवली. चाळीस कुपनांचा तक्ता. "ही सही कुणाची?"

मी फाईल मिटली. त्यांनी ती पुन्हा उघडली.

"माझी नाही. मी वैमानिक होतो, मला सरसातलं काय कळतं? तपासणाऱ्यानं लिहून दिलं, मी विश्वास ठेवला. आणि तुझा पासपोर्ट ह्या खणात आहे, हे विसरू नकोस."

मी त्यांच्या अंगावर गेलो नाही, याचं मला आजही नवल वाटतं. खरं सांगायचं तर राग त्यांच्यावर अर्धाच होता. उरलेला अर्धा कुणाच्या अंगावर काढायचा, तेच कळत नव्हतं. चाळीस कुपनं! गाणं म्हणत!

संध्याकाळी बोयेतला दुकानामागं ओढला. तुकडा दाखवला. सगळं सांगितलं, कुपनांसकट.

त्यानं तुकडा उलटा-सुलटा केला. मग त्याचे गाल फुगायला लागले, आणि तो हसला.

"चहाचं पाणी लावलंस? कुया, हे फारच भारी आहे!" कुया म्हणजे दादा, तो मला तसंच म्हणायचा.

"बोयेत, आईशपथ सांगतो."

"मिशीच्या वेळी पण आईचीच शपथ घेतली होतीस."

"अरे, विमान उडालं नाही तर मी पैज हरतो! मी कशाला खोटं बोलू?"

"म्हणूनच तर! मी घाबरून कर्नलकडं जाणार, सगळे मला हसणार, आणि विमान उडणार ते उडणारच." त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "तपासणीवाल्यांनी दहा कुपनं माझ्यासमोर तोडली. मी स्वतः बघितलं, लाकूड फाटलं."

"ती मी ताज्या सरसानं केली होती, गाढवा!"

"हो ना. आणि माझ्या मिशा दोन मिलिमीटर लांब होत्या." तो हसत हसतच घरात गेला. आतून ओरडला, "आई, पांचितोनं ह्या वेळी कमाल केली!"

मी भिंतीवर अशी लाथ घातली की अंगठा सुजला. जन्मभर लोकांना फसवून मजा घेतली, आणि आता एक खरी गोष्ट घेऊन दारोदार फिरत होतो. भिंतीपलीकडं जाऊन तपासणीवाल्यांना गाठावं, तर माझ्या पासवर फक्त शेड होती. गुपचूप जाऊन पंख कापून टाकावा, तर ते नवा तुकडा चिकटवून महिन्यानं उडवतील, बाकीचा पंख त्याच जुन्या सरसावर. मोडायचं तर सगळ्यांसमोर मोडायला पाहिजे होतं. आणि मोडलं म्हणून नाही, ते मुळात चिकटलंच नव्हतं, हे दिसायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात काढत कर्नलच्या केबिनमध्ये गेलो.

"घाबरवलं की नाही, सर?"

त्यांनी मान वर केली.

"तो तुकडा मी मुद्दाम मेण लावून केला होता. म्हटलं, बघू तरी कर्नल काय म्हणतात."

त्यांना विश्वास ठेवायचा होता, आणि मी कसला माणूस हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. शेवटी त्यांनी रुमालानं मान पुसली. "हलकट आहेस तू," ते म्हणाले. मी हसलो. हसताना दाढा इतक्या आवळल्या होत्या की दुखायला लागल्या.

पंधरा डिसेंबर. धावपट्टीच्या कडेला मंडप, बँड, खुर्च्या. पहिल्या रांगेत जनरल. त्यांच्या शेजारी, जुने सैनिक म्हणून, लोलो पोन्सो. डोक्यावर एकेचाळीस सालची टोपी, कुठून काढली होती कोण जाणे. मागं नेनाबाई नव्या कपड्यांत. लाविन उन्हात चकाकत होतं. देखणं होतं हो. बोयेत शिडीशी उभा, हातात हेल्मेट. मला बघून त्यानं कोंबडीसारखे कोपर हलवले.

पाद्रीबाबांनी मंत्र म्हणून पवित्र पाणी शिंपडलं. ते मागं सरले आणि मी पुढं झालो. हातात सोललेला नारळ, शेंडी ठेवलेला, वर कुंकू. कर्नलना विचारलंच नाही. सरळ जनरलपुढं जाऊन सॅल्यूट ठोकला.

"सर, मी भारतातला कारागीर. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, नवं यंत्र सुरू करताना नारळ फोडतात. ह्या विमानाला माझा हात लागलाय. एक नारळ फोडू द्याल?"

फोटोवाले पुढं धावले. जनरल हसले, "जरूर, जरूर." कर्नलही हसले, नुसत्या दातांनी. "लवकर उरक," ते पुटपुटले.

नारळ जमिनीवर फोडतात, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. मी डाव्या पंखाच्या टोकाशी गेलो. फासळी कुठं आहे हे बोटांनी चाचपलं. मनात आलं, सरस इथं तरी धरलेला असला तर? तर नारळ फुटेल, पाणी उडेल, लोक टाळ्या वाजवतील आणि बोयेत शिडी चढेल. दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर नेला. त्या क्षणी मला जेवढा राग आला होता, कर्नलचा, चहाच्या पाण्याचा, माझ्या त्या गाण्याचा, तो सगळा घातला त्यात.

नारळ फुटला नाही. पंख उघडला.

वरचा पत्ता टोकापासून सुटला आणि हातभर वर उचलला गेला. बँड एक सूर चुकला आणि थांबला. मी त्या फटीत दोन्ही हात घातले आणि ओढलं. आणखी हातभर आला. काहीच कडकडलं नाही, खपली निघावी तसा आला.

"धरा त्याला!" कर्नल किंचाळले. "वेडा झालाय! विमान फोडतोय!"

सगळ्यात आधी बोयेत पोचला. त्यानं माझी गळपट्टी धरली आणि तोंडावर ठोसा मारला. "माझं विमान!" तो ओरडत होता. "तुझ्या खोडीपायी माझं विमान!"

"आत बघ!" मी ओरडलो. तोंडात रक्त होतं. "मला मार, पण आधी आत बघ!"

तो बघेना. शिपायांनी माझे हात मागं वळवले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, ह्याच्या देवाचं नाव घेतलं म्हणून झालं हे सगळं. आणि त्या गोंधळात लोलो पोन्सो खुर्चीवरून उठला. चालत पंखाशी आला. सुटलेल्या पत्त्याच्या खालून त्यानं अंगठा फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग फासळीवरून फिरवला. मग तो जनरलकडं वळला.

"साहेब, लाकूड फाटलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे चिकटलेलंच नव्हतं. ह्यानं मोडलं नाही. मोडायला काही नव्हतंच."

"कुपनं आहेत!" कर्नल म्हणाले. "चाळीस! सहीनिशी!"

"सही माझी आहे," मी ओरडलो. "चाळीसही मी केली. एका दुपारी, एका नव्या डब्यातून. ह्यांच्या केबिनमध्ये. मला पण पकडा आणि ह्यांना पण पकडा!"

जनरलनी मान हलवली. एक हवालदार उजव्या पंखाशी गेला, खिशातला चाकू काढला आणि कडेला घालून पिळला. पत्ता सुटला. त्यानं तो तसाच धरून ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

बोयेतची माझ्या गळपट्टीवरची मूठ तशीच होती, पण ओढ गेली होती. तो उजव्या पंखाकडं बघत होता. मागं नेनाबाई खुर्चीवर बसली होती, तोंडात पदर घालतात तसा रुमाल घालून.

मला दोन दिवस तळाच्या चौकीत ठेवलं. प्रश्न विचारले, जबाब लिहिला, सही घेतली. ह्या वेळी खरी. पासपोर्ट खणातून निघाला. आठ दिवसांत देश सोडायचा, असं ठरलं. शेडला टाळं लागलं. अडतीस माणसं नाताळच्या दहा दिवस आधी घरी बसली. आणि कर्नल आब्रेनिका? छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात. डॉक्टरचं पत्र. पुढं कधीतरी एका वर्तमानपत्रात फोटो बघितला, कुठल्याशा नव्या कारखान्याची फीत कापताना, सल्लागार म्हणून. बूट पांढरेच.

चौकीतून सुटलो आणि पहिला लोलोच्या घरी गेलो. तो दारात बसून कोंबड्याला दाणे टाकत होता.

"लोलो, तुम्ही जिंकलात. रविवारी देतो."

त्यानं वर बघितलं नाही.

"नको."

"नको कसं? नाही उडालं विमान."

"नको म्हटलं ना!" त्यानं दाण्याची वाटी अशी फेकली की कोंबडा छपरावर गेला. म्हातारा उभा राहिला. "मला कधी काही मागून मिळालेलं नाही. जे हवं असतं त्याच्या विरुद्ध पैज लावतो मी. सेहेचाळीस वर्षं. बायको बरी व्हावी म्हणून लावली, ती नाही होणार अशी. पोरगा परीक्षेत बसला तेव्हा लावली. ह्या पैजेत मी हरायला बसलो होतो, पांचितो! मला ती मॅक्सी घालून नाचत जायचं होतं! आपल्या हातचं विमान वर आणि मी खाली कोंबडी!" त्याचा आवाज फुटला. "आणि तू चहाचं पाणी लावत होतास."

मी वाटी उचलून उंबऱ्यावर ठेवली.

"मी रविवारी येणार," मी म्हणालो. "तुम्ही बघा किंवा बघू नका."

रविवारी मी नेनाबाईच्या दारात गेलो. तिनं आत जाऊन जांभळ्या फुलांची मॅक्सी आणली, माझ्या डोक्यातून घातली, आणि पाठीमागची बटणं एकेक करून लावली. शेवटचं बटण लावल्यावर तिचा तळवा माझ्या पाठीवर थोडा वेळ राहिला. मग तिनं टोपली दिली. टोपलीत अंडी होती, तिच्या दुकानातली.

मिस्सा सुटली. लोक बाहेर आले आणि मला बघून थांबले. अडतीस जण, त्यांच्या बायका, पोरं. मी टोपली डोक्यावर ठेवली, एक हात तिला लावला, दुसरा कोपर हलवला आणि सुरू केलं. पक्, पक्, पक्, पकाक्.

कुणी हसलं नाही.

हे मला माहीत नव्हतं, की असंही होऊ शकतं. जन्मभर मी उभा राहिलो की लोक हसायला तयार असायचे. आता दोन्ही कडेला माणसं उभी, हाताच्या घड्या घालून. उजव्या पंखाच्या टोळीतला एक जण माझ्या पायाशी थुंकला. एका बाईनं पोराला आत ओढलं. मी चालत राहिलो. पक्, पक्. घसा कोरडा पडला, आवाज बारीक व्हायला लागला. लोलो त्याच्या दारात पाठ करून उभा होता.

"ऐकू येत नाही!"

बोयेत होता. गर्दीतून बाहेर येऊन माझ्या बरोबरीनं चालायला लागला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्या दुपारनंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

मी जरा मोठ्यानं ओरडलो.

"ऐकू येत नाही, कुया!"

"पकाक्!"

"मोठ्यानं!" तो माझ्यापुढं आला, उलटा चालत, तोंड माझ्या तोंडाशी आणून ओरडायला लागला. गळ्याच्या शिरा फुगलेल्या. थुंकी माझ्या गालावर उडत होती, श्वासाला सकाळच्या सुक्या मासळीचा वास येत होता. "अजून मोठ्यानं! सगळ्या गल्लीला ऐकू दे! अजून!"

मी टोपली सावरली, छाती फुटेस्तोवर श्वास भरून घेतला, आणि त्याच्या तोंडावर ओरडलो.